धुळीच्या चकतीत ऋण वस्तुमान असेल, तर ते पुण्यात बसून ओळखता येईल का?

प्रश्न विचारणारे दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहीत आहेत. त्यांच्या कथेत पन्नासेक प्रकाशवर्षांवर एक लाल बटू तारा आहे. त्याच्याभोवती मलब्याची चकती आहे आणि तिच्यात 'एक्झॉटिक मॅटर' ठासून भरलेलं आहे. पुण्यातल्या नायिकेला एका रात्री खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर विचित्र सिग्नल मिळतो आणि तिला सगळा उलगडा होतो. त्यांचं म्हणणं असं: "हे शास्त्राला धरून आहे का? नसेल तर ती कशावरून ओळखेल? जाणकार वाचक हसायला नकोत."

गेली पंचवीसेक वर्षं मी ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या नोंदी चाळते आहे. दुर्बीण दुसऱ्यांची, रात्रीची जागरणं माझी. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी जीएमआरटी बाजूला ठेवू. तिथल्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, साधारण २० सेंटिमीटर ते २ मीटर लांबीच्या लहरी टिपतात. चकतीतली धूळ थंडगार असते. सूर्यासारख्या ताऱ्यापासून १०० खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या शंभर पट लांब, तिचं तापमान उणे २४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. अशी धूळ मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या लहरींत सर्वात जास्त उजळते. ती जीएमआरटीने शोधणं म्हणजे मासेमारीच्या जाळ्याने चिलटं धरणं. दुर्बिणीचा यात काही कमीपणा नाही, ती या कामासाठी बांधलेलीच नाही. तुमच्या नायिकेला जेम्स वेब आणि हबल या अवकाश दुर्बिणींच्या आणि चिलीतल्या अल्मा या दुर्बिणीच्या नोंदी लागतील. बहुतेक नोंदी ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुल्या होतात. त्या उतरवून घ्यायला पाषाणमधला फ्लॅट आणि बरं इंटरनेट पुरतं. सिग्नल वगैरे काही येत नाही. एक आलेख येतो आणि त्यातले चार बिंदू जागेवर बसत नाहीत.

या विषयाची सुरुवातही अशाच न बसणाऱ्या बिंदूंनी झाली. १९८३ साली आयरास नावाचा इन्फ्रारेड उपग्रह सोडला. मोजमाप जुळवून घ्यायला तो अभिजित (व्हेगा) ताऱ्याकडे वळवला, कारण अभिजित म्हणजे खगोलशास्त्रज्ञांची ठरलेली मोजपट्टी. आणि मोजपट्टीच जास्त निघाली! लांब लहरींत अभिजित हिशेबापेक्षा कितीतरी उजळ दिसत होता. उपकरण बिघडलेलं नव्हतं, ताऱ्याभोवती थंड धूळ होती. पुढच्याच वर्षी चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेतून बीटा पिक्टोरिस या ताऱ्याभोवतीची चकती प्रत्यक्ष चित्रात दिसली, कडेवर उभ्या धरलेल्या थाळीसारखी.

आता ही धूळ येते कुठून, ते नीट समजून घ्या. कथेचा सगळा डोलारा त्यावर उभा राहणार आहे. वाघोलीकडे जाताना खडी क्रशर पाहिले असतील. वर काळा पाषाण टाकायचा, खाली खडी, तिच्याखाली कच, आणि आजूबाजूच्या झाडांवर पांढुरकी भुकटी. चकतीत हेच चालतं. लघुग्रह आणि धूमकेतूंचे गाभे एकमेकांवर आदळतात, तुकडे होतात, तुकड्यांचे तुकडे होतात. ढोबळ हिशेब असा की दहापट बारीक कण सुमारे तीनशे पटीने जास्त असतात. त्यामुळे वजन सगळं धोंड्यांत आणि चमक सगळी भुकटीत. आपल्याला दिसते ती भुकटी. धोंडे कुणीही पाहिलेले नाहीत.

ही भुकटी किती बारीक होऊ शकते, यावर तारा मर्यादा घालतो. सूप घेऊन पाखडणारी बाई आठवा. दाणा सुपात राहतो, कोंडा उडून जातो. ताऱ्याचा प्रकाश कणावर दाब टाकतो. कण जितका बारीक, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून दाबाचा जोर जास्त. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा दगडी कण उडून जातो. बीटा पिक्टोरिस जास्त तेजस्वी, तिथे दोनेक मायक्रॉनचाही टिकत नाही. उडण्याच्या बेतातले कण लांबुळक्या कक्षांत बाहेर फेकले जातात आणि धोंड्यांच्या कड्याच्या बाहेर फिकट प्रभामंडळ तयार होतं. हे कोंड्याचं प्रभामंडळ लक्षात ठेवा, नायिकेचा शोध तिथेच लागणार आहे.

म्हणूनच लाल बटू ताऱ्याची निवड चुकली आहे. त्याचा प्रकाश इतका मंद असतो की पाखडणं होतच नाही, जे काही उडतं ते ताऱ्याच्या वाऱ्याने. तारा घ्या अभिजित किंवा मीनास्यासारखा (फोमलहॉट), पांढरा आणि तरुण. दोघेही २५ प्रकाशवर्षांवर, वय ४० ते ५० कोटी वर्षांच्या घरात. मग तिथे प्राचीन संस्कृती दाखवता येणार नाही. तुमच्या दुसऱ्या प्रकरणातले ते मंदिर बांधणारे जीव गेले, वाईट वाटून घेऊ नका.

आता मूळ मुद्दा. 'एक्झॉटिक मॅटर' हे एका वस्तूचं नाव नाही. भौतिकशास्त्रात या पाटीखाली निदान तीन वेगळी गिऱ्हाइकं बसतात, आणि चकतीत तिघं तीन तऱ्हांनी वागतील.

प्रतिद्रव्य, म्हणजे साध्या द्रव्याचं विरुद्ध भाराचं जुळं, लवकर निकालात निघतं. प्रतिहायड्रोजनचा वर्णपट साध्या हायड्रोजनसारखाच आहे, हे सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत तपासून झालंय. तो खालीच पडतो, हेही २०२३ साली दिसलं. म्हणजे प्रतिद्रव्याची चकती दिसायला आणि फिरायला अगदी साधी. पण ताऱ्याचा वारा साध्या प्रोटॉनांचा असतो. ते प्रोटॉन धुळीवर आदळले की दोन्ही नष्ट होऊन गॅमा किरण निघणार, आणि गॅमा दुर्बिणीला ती चकती आधी दिसणार. कथा पहिल्या पानावर संपते.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे स्ट्रेंज क्वार्क द्रव्य, प्रोटॉनहूनही मूलभूत अशा क्वार्क कणांचं बनलेलं. १९८४ मध्ये एडवर्ड विटन यांनी मांडलं की अशा द्रव्याचे गोळे कदाचित साध्या अणूंपेक्षाही स्थिर असतील. घनता अणुकेंद्राच्या तोडीची. मी कागदावर मांडून पाहिलं: एक मायक्रॉन त्रिज्येचा कण सुमारे पावणेदोन किलोचा भरतो. डोळ्यांना न दिसणारं कुसळ आणि वजन पावणेदोन किलो! प्रकाशदाब याचं काय वाकडं करणार? पण गोची पुढे आहे. चंद्राएवढं वस्तुमान साध्या दगडाच्या मायक्रॉनभर धुळीत वाटलं, तर १०० एककांवर ती धूळ ताऱ्याचा अर्ध्या टक्क्याहून जास्त प्रकाश अडवील. ही झगझगीत चकती झाली. तेवढंच वस्तुमान क्वार्क द्रव्याच्या मायक्रॉनभर कणांत वाटलं, तर सगळ्या कणांची मिळून सावली महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी क्षेत्रफळाची. पन्नास प्रकाशवर्षांवरून ती कोण बघणार? ही चकती तुमच्यासमोर असूनही नसल्यात जमा. भुताची गोष्ट लिहायची असेल तर घ्या.

उरलं ऋण वस्तुमान, म्हणजे शून्याहून कमी वस्तुमान. बहुतेक लेखकांच्या मनात एक्झॉटिक मॅटर म्हणजे हेच असतं, कारण कृमिविवर, म्हणजे अवकाशातला आडवाटेचा बोगदा (वर्महोल), उघडं ठेवायला ऋण ऊर्जा लागते, हे १९८८ मध्ये मॉरिस आणि थॉर्न यांनी दाखवलं. आणि ऋण ऊर्जा हा शब्द पुण्याला परका नाही. त्याच १९८८ साली इथे आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सुरू झाली. तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६० च्या दशकात जे 'सी-फील्ड' मांडलं, त्याची ऊर्जा ऋणच होती. विश्वात नवं द्रव्य जन्माला घालताना ताळेबंद जुळावा म्हणून. तुमची नायिका आयुकाच्या आवारातून चालत जाताना हे आठवू शकते. फक्त संवादात व्याख्यान देऊ नका.

ऋण वस्तुमान ताऱ्याभोवती कसं फिरेल? पहिला धक्का: अगदी साधं फिरेल. लोकांना वाटतं तारा त्याला ढकलून देईल. तसं नाही. १९५७ मध्ये हर्मन बॉन्डी यांनी हे नीट मांडलं. ऋण वस्तुमानावर गुरुत्वाचा जोर उलट दिशेने लागतो हे खरं, पण ते जोराला प्रतिसादही उलटाच देतं. उलट्याचं उलट सुलट. त्यामुळे ताऱ्याकडेच पडतं, इतरांसारख्याच कक्षेत फिरतं. नुसती कक्षा पाहून ते ओळखता येणार नाही.

पण प्रकाशदाबाचं गणित वेगळं. प्रकाश बाहेर ढकलतो, तो धक्का काही वस्तुमानावर अवलंबून नाही. आणि ऋण कण ढकलला की जवळ येतो. म्हणजे सूप उलटं चाललं: दाणा जागेवर, आणि कोंडा बाईच्याच मांडीत! एक उदाहरण मांडते. कडं १४० एककांवर आहे, मीनास्याचं जवळपास तेवढ्यावरच आहे. तिथे एक ऋण धोंडा फुटला आणि ज्या कणावर प्रकाशाचा धक्का ताऱ्याच्या ओढीइतका आहे, असा बारीक कण सुटला. साधा कण असता तर तो कधीच निघून गेला असता. ऋण कणाची कक्षा मात्र कड्याला बाहेरून शिवते आणि आत एक तृतीयांश अंतरापर्यंत, साधारण ४७ एककांपर्यंत, बुडी मारते. जितका बारीक, तितका खोल. प्रभामंडळ कड्याच्या आत, आणि बाहेर चिटपाखरू नाही.

तरीही नायिकेने ऋण वस्तुमान पहिल्याच चित्रावरून ओळखू नये. खऱ्या कामात तसं होत नाही आणि कथेतही ते फुकट जातं. तिला आधी अर्धवट खूण द्या.

ती खूण अशी. आम्ही धुळीचे कण दोन वेगळ्या तराजूंवर तोलतो. पहिला तराजू तापमानाचा. बारीक कणाला स्वतःच्या आकाराहून फार लांब लहरी नीट बाहेर टाकता येत नाहीत, म्हणून तो त्याच अंतरावरच्या मोठ्या कणापेक्षा गरम राहतो. उबदार धुळीच्या वर्णपटात १० मायक्रॉनपाशी सिलिकेट या दगडी खनिजाचा उंचवटा दिसतो, तो बारीक कणांत टोकदार, जाड्यांत बसका. हे झालं अंगकाठीचं माप. दुसरा तराजू जागेचा: कण कड्यापासून किती बाहेर भिरकावला गेलाय, त्यावरून वजनाच्या मानाने पृष्ठभाग किती ते कळतं. रोजच्या चकतीत दोन्ही तराजू एकच उत्तर देतात.

आता समजा दगडातच ऋण द्रव्याचे सूक्ष्म गोळे अडकलेत. आपल्या डोंगरातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक बसलेले असतात ना, तसे. कणाचा आकार तोच, पण निव्वळ वजन घटलं. मीनास्यासारख्या ताऱ्याभोवती ०.१ मिलिमीटर त्रिज्येचा दगडी कण जागचा हलत नाही. त्याचं वजन तीस पटीने घटवा, तो उडायला लागतो. तर नायिकेला कड्याबाहेरच्या प्रभामंडळात थंड, अंगाने थोराड कण दिसतात, जे तिथे असायलाच नकोत. अंगाने मोठे, वागण्याने हलके. एवढंच.

आणि इथे तिचे सहकारी लगेच म्हणतील, "अगं, पोकळ असतील." बरोबरच आहे. एयू मायक्रोस्कोपी हा ३२ प्रकाशवर्षांवरचा तारा घ्या. हबलने त्याच्या चकतीतल्या प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे लहरी कुठल्या दिशेने कंप पावतात ते, मोजलं, तेव्हा कणांत नव्वद टक्क्यांहून जास्त पोकळी असावी असं निघालं, भुसभुशीत बर्फासारखी. वजन तीस पटीने घटवायला ९७ टक्के पोकळी लागेल. जास्त आहे, पण अशक्य म्हणता येत नाही. म्हणून ध्रुवण मोजावं लागेल. पुण्यात हे काम करणारी माणसं आहेतच, आयुकात वालोप नावाचं ध्रुवणमापक त्याच परंपरेत घडलंय. ते मोठ्या आभाळासाठी आहे, चकतीसाठी नाही, पण नायिकेला चहावर सल्ला द्यायला माणूस तिथला घ्या. ध्रुवण सांगतं की कण भरीव आहेत. आता प्रकरण तापतं.

तरी अजून नाही. मी स्वतः एकदा अशी तापले होते. एका साध्या ताऱ्याशेजारी थंड चमक सापडली, अगदी जिथे कडं असायला हवं तिथे. तीन आठवडे मी तिच्यावर मॉडेल बसवत होते, रात्री दीडला उठून आकडे बदलत होते. मग जुन्या नोंदीतलं त्याच ताऱ्याचं चित्र नव्यावर ठेवून पाहिलं. मधल्या वर्षांत तारा आपल्या चालीने किंचित सरकला होता. चमक जागची हलली नव्हती. मागे कोट्यवधी प्रकाशवर्षांवर असलेली एक दीर्घिका होती ती. तेव्हापासून 'जुनं चित्र आहे का?' हा माझा पहिला प्रश्न असतो. मोठमोठ्यांचं असंच होतं. मीनास्याजवळ २००८ मध्ये ग्रह जाहीर झाला होता. पुढच्या चित्रांत तो फिकट आणि पसरट होत गेला आणि २०२० मध्ये, ती टकरीतून उडालेली धूळ असावी, असं मांडलं गेलं.

म्हणून निर्णायक पुरावा कथेत दुसऱ्या टप्प्यावर ठेवा. काही धोंड्यांत ऋण द्रव्याचं प्रमाण इतकं जास्त की निव्वळ वजन शून्याखाली गेलं. त्यांची भुकटी आत पडते. कड्याच्या एका कमानीत बाहेरचं प्रभामंडळ तुटलेलं आणि त्याच कमानीच्या आतल्या बाजूला धुकं. आत धूळ असणं हे एकटं काहीच सांगत नाही. साधी धूळही किरणांच्या अडथळ्याने हळूहळू आत घरंगळते, मीनास्याच्या आतल्या भागात वेबला २०२३ मध्ये भरपूर धूळ दिसलीच. बाहेर काहीच नसणं, हे मात्र साध्या धुळीला जमत नाही. पोकळपणा वजन कितीही कमी करो, शून्याखाली नेत नाही.

आणखी एक तपासणी आहे, वेगाची. ऋण कणावर प्रकाश आत ढकलतो, म्हणजे ताऱ्याची ओढ वाढल्यासारखीच. त्यामुळे तो त्या अंतरावरच्या धोंड्यापेक्षा वेगाने फिरतो. साध्या बारीक कणाचं उलटं, तो रेंगाळतो. एयू मायक्रोस्कोपीच्या चकतीतच हबलची २०१० आणि २०११ ची चित्रं २०१४ च्या चित्रांशी ताडली, तेव्हा काही गाठी बाहेर धावताना सापडल्या, आणि त्या अजून डोकं खाताहेत. म्हणजे धुळीच्या गाठींचा वेग मोजता येतो, ही कल्पना माझी नाही.

एक अडचण लपवत नाही. ऋण द्रव्याचे अणू बनणार नाहीत. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, पण दोघांचीही वस्तुमानं ऋण असली की ओढीला प्रतिसाद म्हणून ते दूर पळतात. ना अणू, ना स्फटिक, ना वर्णरेषा. ते दगडाच्या पोकळीत शांत का बसून राहील, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि तुम्हीही देऊ नका. विज्ञानकथेला एक थाप माफ असते, ती इथे खर्च करा. मात्र तिच्यानंतर दुसरी मारू नका. विशेषतः 'वर्णपटात अनोळखी मूलद्रव्याची रेषा' हे काढाच. बीटा पिक्टोरिसच्या धुळीत हर्शेल दुर्बिणीला २०१२ मध्ये जे खनिज सापडलं ते ऑलिव्हिन होतं, आपल्या दख्खनच्या दगडातही असतं ते. तुमच्या चकतीचा वर्णपटही तसाच घरगुती असू द्या. विचित्रपणा फक्त चालीत.

वेळेचा हिशेब शेवटचा. सूर्याच्या दुप्पट वजनाच्या ताऱ्याभोवती १०० एककांवरची गाठ सेकंदाला सव्वाचार किलोमीटर सरकते, वर्षाला जवळपास पृथ्वी-सूर्य अंतराएवढी. पन्नास प्रकाशवर्षांवरून हे सरकणं एका वर्षात जेमतेम कळेल. खात्रीने सांगायला तीन-चार वर्षांच्या अंतराने दुसरं चित्र हवं, आणि त्यासाठी दुर्बिणीचा वेळ मागावा लागतो. अर्ज बहुतेकदा पहिल्या फेरीत परत येतो. तेव्हा तुमची एका रात्रीची गोष्ट चार दिवाळ्यांवर पसरवा. दिवाळीच्या संध्याकाळी, फटाक्यांचा धूर विरळ असेल तर, पुण्यातून दक्षिणेला ४२ अंशांवर मीनास्य दिसतो आणि वायव्येला अभिजित कलायला लागलेला असतो. गच्चीवर भावंडं भुईनळे लावताहेत आणि हिचा अर्ज अजून 'विचाराधीन' आहे, असा एखादा प्रसंग घाला. आणि पहिल्या प्रकरणातलं तिच्या तोंडचं "सापडलं!" खोडा. त्या रात्री ती फार तर चिलीतल्या कुणाला तरी दोन ओळींची मेल टाकेल: या ताऱ्याचं आणखी जुनं चित्र तुमच्याकडे आहे का?